आपोआप चालणाऱ्या गाडीला आपली टू-व्हीलर दिसते का?

मागच्या महिन्यात याच पानावर अ‍ॅडासबद्दल लिहिलं होतं. गाडीने स्वतःहून ब्रेक मारणं, लेन धरून चालणं, पुढच्या गाडीचा स्पीड बघून आपला कमीजास्त करणं, हे सगळं. ते फोर-व्हीलर घेणाऱ्यांसाठी होतं, पण मेसेज आले ते बहुतेक टू-व्हीलरवाल्यांचे आणि त्यातही नाशिककर जास्त. सगळ्यांचं म्हणणं एकच, की आत बसणाऱ्याचं तुम्ही सांगितलं, बाहेर आम्ही हेल्मेट घालून चाललोय त्याचं काय? रास्त आहे. म्हणून या वेळी फक्त तेच प्रश्न.

काका, मी इंजिनीअरिंगला आहे, रोज बाईकने आडगावला जातो. आमच्या ग्रुपमधे वाद चाललाय. माझं म्हणणं, ड्रायव्हरलेस गाड्या आल्या की बाईकवाले सेफ होणार कारण मशीन दारू पीत नाही आणि मोबाईल बघत नाही. मित्र म्हणतो येडा झाला काय, अमेरिकेत टेस्लाने बाईकवाल्यांना उडवलंय. कोण बरोबर? (पंचवटी)

अरे दोघंही बरोबर, फक्त तुम्ही दोघं वेगवेगळ्या गाड्यांबद्दल भांडताय.

तू म्हणतोस ती गाडी म्हणजे अमेरिकेतल्या वेमो कंपनीच्या गाडीसारखी, जिच्यात ड्रायव्हरच्या सीटवर कोणीच नसतं. फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशा ठराविक शहरांत, ठराविक हद्दीत टॅक्सी म्हणून चालते, वर कॅमेरे, रडार, लायडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) सगळा सरंजाम. त्यांच्या ५ कोटी ६७ लाख मैलांच्या हिशोबात, त्याच शहरांतल्या माणूस ड्रायव्हरच्या मानाने, मोटरसायकलवाला जखमी होण्याचे अपघात ८२ टक्क्यांनी कमी निघाले. हा हिशोब कंपनीच्याच लोकांनी मांडलाय हे लक्षात ठेव, पण आकडा अगदीच झटकून टाकण्यासारखा नाही.

मित्र म्हणतो ती गाडी वेगळी. तिच्यात माणूस बसलेला असतो, स्टिअरिंगवर हात ठेवून लक्ष देणं त्याचं काम असतं आणि गाडी फक्त मदत करते. याला लेव्हल टू म्हणतात आणि टेस्लाचं ऑटोपायलट याच लेव्हलचं. जुलै २०२२ मधे अमेरिकेत युटा राज्यात ड्रेपरजवळ हायवेवर मध्यरात्रीनंतर एक टेस्ला पुढे चाललेल्या हार्लेवर मागून जाऊन आदळली, बाईकवाला जागीच गेला, ड्रायव्हरने पोलिसांना सांगितलं की ऑटोपायलट चालू होतं आणि मला बाईक दिसलीच नाही. एप्रिल २०२४ मधे वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटलजवळ तसंच, तिथे तर ड्रायव्हर सिस्टिमच्या भरवशावर फोन बघत होता. म्हणजे मशीन मोबाईल बघत नाही हे खरं, पण मशीन चालवतंय म्हटल्यावर माणूस मोबाईल बघायला मोकळा होतो. मला विचारशील तर बाईकवाल्याला सगळ्यात जास्त भीती याच अर्धवट गाडीची आहे. पूर्ण माणसाची गाडी परवडली, पूर्ण मशीनचीही कदाचित परवडेल, पण जिच्यात दोघंही एकमेकांवर ढकलून बसलेत ती नको. आणि नाशिकच्या शोरूममधे आज मिळते ती हीच.

आता मशीनला बाईक दिसत का नाही? पहिलं म्हणजे माणसालाही ती दिसत नाही. १९८१ मधे अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा मोटरसायकल अपघातांवरचा मोठा रिपोर्ट आला, त्यांच्या टीमने ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते, आणि दुसऱ्या गाडीशी झालेल्या टकरींमधे मुख्य कारण हेच निघालं की कारवाल्याला बाईक दिसलीच नव्हती किंवा दिसली तोपर्यंत उशीर झाला होता. इथे नाशिकच्या द्वारका चौकात कोणी अंगावर गाडी घातली आणि आपण ओरडलो की तोही हेच म्हणतो ना, 'दिसला नाही भाऊ.'

मशीनची अडचण थोडी वेगळी. रडारच्या लाटा पुढच्या वस्तूवर आपटून परत येतात, ट्रकचा मागचा पत्रा दणदणीत उत्तर देतो, बाईक म्हणजे थोडंसं लोखंड, एक टायर आणि वर माणूस, त्यामुळे उत्तर बारीक येतं. कॅमेऱ्याला दिवसा बाईक बरी ओळखता येते, रात्री मात्र नुसता एक लाल ठिपका दिसतो आणि एका ठिपक्यावरून अंतर किती हे काढणं अवघड, कारमधे निदान दोन दिव्यांमधलं अंतर तरी मिळतं. आणि तिसरी गोष्ट, बाईक आहे हे कळलं तरी ती पुढच्या सेकंदाला कुठे असेल हे सांगता येत नाही, कार वळायला वेळ घेते आणि आपण काय, खड्डा दिसला की झटक्यात अर्धी लेन बदलतो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने बघितलं तर स्वतःहून ब्रेक मारणाऱ्या गाड्यांमुळे पुढच्या कारवर मागून आदळण्याचे अपघात ५३ टक्क्यांनी कमी झाले होते, पुढे मोटरसायकल असेल तर ४१ टक्क्यांनी. फायदा आहे, पण आपल्या वाट्याला कमी येतो.

दादा, मी इंदिरानगरहून अंबडला अ‍ॅक्टिव्हाने जॉबला जाते. मागच्या आठवड्यात पुढची नवी एसयूव्ही एकदम कचकन थांबली, पुढे काहीच नव्हतं, मी कशीबशी बाजूला घेतली. उतरून विचारलं तर तो म्हणे मी ब्रेक मारलाच नाही, गाडीने मारला. असं होऊ शकतं का, की थापा मारत होता? (इंदिरानगर)

होऊ शकतं ताई. बिचारा खरंही बोलत असेल.

बहुतेक वेळा अशी गाडी 'काहीच नव्हतं' तिथे थांबते तेव्हा काहीतरी होतं, फक्त तुम्हाला मागून दिसलं नाही. कोणीतरी डावीकडून येऊन पुढच्या बंपरला घासेल असा कट मारून गेला, माणूस ड्रायव्हर अशा वेळी नुसता शिवी देतो आणि तसाच चालत राहतो कारण त्याला माहितीये की हा पुढच्या क्षणाला निघून जाणार. गाडीला ते माहीत नसतं. तिच्या हिशोबात समोर अचानक वस्तू आली आणि अंतर संपलं, मग ती पूर्ण जोर लावून थांबते. कधीकधी खरंच काही नसतं, उड्डाणपुलाची सावली किंवा वळणावरची लोखंडी पाटी बघून फसते, तोही प्रकार आहे.

एका मित्राच्या गाडीत बसून मी हे नीट बघितलंय, मुंबई नाक्याहून द्वारकेकडे जाताना खालच्या रस्त्याने. मीटरच्या जागी जो स्क्रीन असतो त्यावर आजूबाजूच्या गाड्यांची छोटी चित्रं येतात, पुढची बस दिसत होती, बाजूची कार दिसत होती, रिक्षा मधेच ट्रक व्हायची आणि परत कार व्हायची. डावीकडून एक स्प्लेंडरवाला दुधाचे कॅन लावून आला, माझ्या खिडकीपाशी होता तोपर्यंत स्क्रीनवर त्याचा पत्ताच नाही, आमच्या बंपरपुढे तिरका शिरला तेव्हा बाईकचं चित्र उमटलं ते थेट लाल रंगात, बीप वाजला आणि ब्रेक बसला, सगळं एकाच वेळी. पट्ट्याने छाती आवळली. मागून हॉर्नचा कल्लोळ. मित्राने पुढच्याच सिग्नलला ते फीचर बंद केलं आणि शहरात बरेच जण तेच करतात.

तुमच्या बाजूने बघायचं तर हिशोब असा आहे. ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पुढचा थांबला हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर दाबेपर्यंत साधारण सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे तुमचा ब्रेक सुरू होण्याआधीच दहा-पंधरा मीटर संपले. माणूस आधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतो, मग हळू दाबतो, त्याचा टेल लॅम्प आपल्याला थोडी आगाऊ सूचना देतो. मशीन ती देत नाही, पेटला लाल दिवा की पूर्ण ब्रेक. त्यात १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) नसतं, सीबीएस म्हणजे कॉम्बी ब्रेक असतो, जोरात दाबला आणि पावसाचा चिखल असला की चाक लॉक होऊन गाडी घसरणार.

अंतर ठेवा असं सांगणं सोपं आहे आणि मला माहितीये की त्र्यंबक रोडला अंतर ठेवलं की त्यात रिक्षा घुसते. तरी एक करता येतं, मोठ्या नव्या गाडीच्या अगदी मधोमध मागे राहायचं नाही, थोडं उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला सरकून चालायचं. तिथून पुढचं थोडं दिसतं, ड्रायव्हरच्या आरशात आपण दिसतो आणि वेळ आलीच तर निसटायला जागा राहते. हे नेहमीच्याही ड्रायव्हरमागे उपयोगी आहेच.

साहेब, मी एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. कसारा घाटात धुक्यात, लासलगावकडे बिनलाइटच्या कांद्याच्या ट्रॅक्टरमागे, राँग साइडने येणाऱ्या डबल सीट, ट्रिपल सीटमधे गाडी काढलेली आहे. या कॉम्प्युटरला ते जमणार आहे का? आणि कुंभमेळ्याला काय करणार तो? (नाशिकरोड)

काका, कुंभमेळ्याला तो डेपोत उभा राहील, सांगून ठेवतो.

तुमच्या प्रश्नातच मुद्दा आहे. या सिस्टिम शिकल्या कुठे? अमेरिका, युरोप, जपान. अमेरिकेत २०२२ मधे रस्त्यावर मेलेल्यांपैकी मोटरसायकलवाले ६,२१८ होते, म्हणजे साधारण १५ टक्के. त्याच वर्षी आपल्याकडे रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ७४,८९७ टू-व्हीलरवरची. जवळजवळ निम्मी म्हणा ना. तिकडे बाईक हा अपवाद आहे, शनिवार-रविवारी फिरायला काढायची वस्तू. आपल्याकडे बाईक म्हणजेच ट्रॅफिक. तिकडच्या रस्त्यावर शिकलेल्या गाडीला बिटको चौकात सोडलं तर ती वाईट चालवेल असं नाही, ती चालवणारच नाही, जागेवर उभी राहील कारण चारही बाजूंनी सतत कोणीतरी तिच्या 'सुरक्षित अंतरात' असतं.

आपल्याकडे कोणी प्रयत्न करत नाही असं मात्र नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने हैदराबाद-बंगलोरच्या रस्त्यांवर गाडी फिरवून फोटोंचा एक साठाच तयार केला, इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट नावाचा, त्यात दहा हजार फोटो असे की कुठे बाईक, कुठे बाईकवरचा माणूस, कुठे रिक्षा हे सगळं वेगवेगळं आखून दिलंय. हे वेगळं आखणं महत्त्वाचं, कारण आपल्याकडे बाईकवर कधी एक माणूस, कधी चार, कधी गॅसची टाकी, कधी शिडी आडवी धरलेला पोरगा, आणि मशीनला ही बाईकच आहे हे कळायला हवं. भोपाळची स्वायत्त रोबोट्स नावाची कंपनी बोलेरोवर प्रयोग करतेय, त्यांचे गर्दीतल्या रस्त्यावरचे व्हिडिओ बघण्यासारखे आहेत. पण प्रयोग आणि रोजची ड्युटी यातला फरक तुम्हाला मी काय सांगणार.

सरकारचं म्हणाल तर गडकरींनी डिसेंबर २०२३ मधे नागपुरात स्पष्ट सांगितलं होतं की ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. मला वाटतं नोकऱ्यांच्या आधी रस्ताच त्यांना अडवेल. हायवेवर हात सोडून चालवायच्या गाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो नियम आहे तो पण मुळात अशाच रस्त्यांसाठी बनलाय जिथे पायी आणि सायकलने जायला बंदी आहे आणि मधे डिव्हायडर आहे. आता आपल्या जिल्ह्यात असा रस्ता कोणता? समृद्धी. सिन्नर, इगतपुरीवरून जातो, कारला १२० ची मुभा आणि टू-व्हीलरला बंदीच. म्हणजे आपोआप चालणारी गाडी आलीच तर आधी तिथे येईल जिथे बाईकवाला नाहीये. मला काळजी वाटते ती याच्या पुढची, की तीन तास समृद्धीवर गाडीने स्वतःच सगळं सांभाळलं, हाताला-पायाला सवय मोडली, आणि मग तोच माणूस उतरून सिन्नर-नाशिक रस्त्याला लागला की समोर दुधाचे कॅन लावलेली स्प्लेंडर.

मी बाईकला स्मोक टेल लॅम्प आणि फॅन्सी लायटिंग केलंय. लूक भारी आहे. त्याने या सेन्सरना काही फरक पडतो का? (सिडको)

पडतो. काढून टाक.

रडारला दिव्याशी काही घेणं नाही पण कॅमेऱ्याला रात्री तेवढंच दिसतं. काळी काच लावून तू ती खूण पुसलीस. ड्रेपरच्या अपघातानंतर तर काही जाणकारांनी अशी शंका काढली की हार्लेसारख्या क्रूझर बाईकला मागे खालच्या बाजूला एकमेकांच्या जवळ दोन दिवे असतात, त्या जोडीला सिस्टिमने लांबवरची कार समजलं असेल. सिद्ध झालेलं नाही, पण दिव्यांशी खेळ करताना डोक्यात ठेवायला हरकत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या टू-व्हीलरचा हेडलाइट कायम चालू ठेवलाय तो बाईक दिसावी म्हणूनच, त्याला वेगळं स्विच बसवून बंद करू नकोस. लूकच करायचा तर मडगार्डला, हेल्मेटच्या मागे चांगलं रेडियम लाव, दहा-वीस रुपयांत काम होतं, मशीनला दिसतं आणि ट्रकवाल्यालाही.

मी गंगापूर रोड, कॉलेज रोड साइडला डिलिव्हरी करतो. आम्ही दोन गाड्यांच्या मधूनच जातो, नाहीतर टायमात ऑर्डर पोचणारच नाही. उद्या अशा ऑटोमॅटिक गाडीने ठोकलं तर केस कोणावर होणार, मालकावर की कंपनीवर की माझ्यावरच? (गंगापूर रोड)

भाऊ, आज ठोकलं तर ड्रायव्हरवर. लेव्हल टू गाडीत 'गाडीने केलं' हे उत्तर चालत नाही, कायद्याला सीटवर बसलेला माणूस दिसतो. भरपाई त्या गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागायची, जशी आत्ता मागतात तशीच. फरक इतकाच की अशा गाड्यांमधे बऱ्याचदा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असतं, वकिलाला ते लगेच मागायला सांगायचं, नंतर त्यावर दुसरं रेकॉर्डिंग चढतं. आणि ते रेकॉर्डिंग तुझ्याही विरोधात जाऊ शकतं हे विसरू नकोस.

तुझ्या मधून जाण्यावर एक खरी केस सांगतो. डिसेंबर २०१७, सॅन फ्रान्सिस्को. जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीची एक गाडी आपोआप चालण्याच्या मोडमधे चालली होती, लेन बदलायला लागली, शेजारून मोटरसायकलवाला मोकळी झालेली जागा धरून पुढे निघाला, तेवढ्यात गाडीचा विचार बदलला आणि ती परत आपल्या लेनमधे आली. तो पडला. पोलिसांच्या रिपोर्टमधे चूक त्याचीच लिहिली गेली की तू सुरक्षित नसताना पुढे काढलीस, आणि गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात दोन लेनच्या मधून बाईक काढायला कायद्याने परवानगी आहे. त्याने केस केली, पुढे कंपनीने त्याच्याशी तडजोड करून मिटवलं.

ती अर्धवट वळून परत येणारी गाडी नीट लक्षात ठेव. माणूस लेन बदलताना मान वळवतो, खांदा हलतो, आपल्याला काचेतून अंदाज येतो, तुम्ही डिलिव्हरीवाले तर त्यात एक्सपर्ट असता. मशीनची मान नसते. इंडिकेटर लागला आणि गाडी सरकायला लागली तरी ती पूर्ण गेली असं धरायचं नाही, तिच्या सोडलेल्या जागेत लगेच शिरायचं नाही. ऑर्डर दोन मिनिटं लेट झाली तर कंपनी तुझं रेटिंग कापेल, तो अन्याय आहेच आणि त्याच्यावर एकदा वेगळं लिहिणार आहे, पण त्याचा हिशोब बंपरशी करू नकोस.

गाड्यांना एवढं सगळं देतात, मग बाईकलाच रडार आणि ऑटो ब्रेक का देत नाहीत? (सातपूर)

रडार देतात. २०२० मधे डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही-फोरला पुढे-मागे दोन्हीकडे रडार आलं, पुढचं स्पीड सांभाळायला आणि मागचं आरशात न दिसणारी गाडी दाखवायला. बंगलोरच्या अल्ट्राव्हायोलेटने २०२५ मधे आपल्याकडे एक्स-फोर्टी-सेव्हन ही इलेक्ट्रिक बाईक मागच्या रडारसकट आणली. मला विचाराल तर मागचं रडार हेच आपल्या कामाचं, कारण मारतो तो मागूनच येऊन.

ऑटो ब्रेकचं मात्र अवघड आहे. कारमधे पट्टा लावलेला असतो, गाडीने कितीही जोरात ब्रेक मारला तरी माणूस सीटवर राहतो. बाईकवर तुम्ही एका हाताने घाम पुसताय, वळणावर बाईक झुकलीये आणि तिने स्वतःहून ब्रेक मारला तर तुम्ही हँडलवरून पुढे. म्हणून कंपन्या तिथे फार जपून चालल्यात.

तोपर्यंत परवडणारी आणि खरंच जीव वाचवणारी वस्तू म्हणजे एबीएस. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाईकला ते कंपल्सरी आहे. सेकंडहँड घेणार असाल तर चावी फिरवल्यावर मीटरमधे एबीएसचा पिवळा दिवा लागतो, बाईक थोडी पुढे चालवली की तो विझायला पाहिजे. विझला नाही तर एबीएस बंद आहे. विकणारा म्हणेल सेन्सरला माती लागलीये, पुसली की जाईल. मग पुसून दाखव म्हणायचं आणि दिवा विझेपर्यंत टोकनचे पैसे खिशातच ठेवायचे.